कवळीची वाटी

आमच्या विदर्भात गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. 22 सप्टेंबर 2023ला, शुक्रवारी, महालक्ष्म्यांचं जेवण होतं. चाळीस-पंचेचाळीस माणसं जेवून गेली. पुरणपोळी, कढी, आंबील, सोळा भाज्या, सगळं रीतसर. रात्री उशिरा आम्ही नवरा-बायको भांडी आवरत होतो तेव्हा पाऊस सुरू झाला आणि मी म्हणालो, "बरं झालं, पंगती उठल्यावर आला."

त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीनं काठ सोडला. आमचं घर तलावाच्या खालच्या अंगाला, एका जुन्या लेआउटमध्ये, तळमजल्यावर. त्या पुरात शहरात माणसं गेली. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ते पटायला सव्वा वर्ष लागलं.

पाणी त्याच दिवशी ओसरलं. गाळ काढायला पंधरा दिवस गेले. फ्रिज, सोफा, लेकीची पुस्तकं, तांदळाची कोठी, सगळ्याचा रस्त्यावर ढीग. तलाठी पंचनामा करून गेले. आम्ही त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या माळ्यावर भाड्यानं राहायला गेलो. लिफ्ट नव्हती, आईचे गुडघे गेलेले, दुसरा माळाही रिकामा होता. पण मी तिसराच घेतला. मग वाटलं, झालं, सुटलो.

आणि पहाटेचे साडेतीन सुरू झाले. अलार्म लावल्यासारखी जाग यायची. डोळे उघडायच्या आधी हात पलंगाखाली जायचा आणि तळवा फरशीला टेकायचा. कोरडी. तरी उठायचं, आईच्या खोलीपर्यंत जायचं, ती श्वास घेते आहे का बघायचं. पहिल्याच महिन्यात मी तिच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढून गच्चीवर नेऊन ठेवलं. घरमालक चिडला. बायकोनं त्याला काय सांगितलं कोण जाणे.

बिल्डिंगची टाकी भरली की पाइपातून पाणी खाली पडतं ना, त्या आवाजानं माझ्या बोटांना मुंग्या यायच्या. हिंगण्याच्या एमआयडीसीत मी एका कारखान्यात हिशेब बघतो. तिथं वर टिनाचं छत. पाऊस आला की मी संडासात जाऊन बसायचो, कारण तेवढ्याच खोलीवर स्लॅब होता. मोबाइलवर हवामान किती वेळा बघायचो याची मोजदाद नाही. लेकीनं आंघोळीला नळ मोठा सोडला म्हणून एकदा तिच्यावर असा ओरडलो, की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि एक शब्द माझ्या तोंडून गेला तो गेलाच. 'आलोच.' कोणी हाक मारली की आपण सहज म्हणतो तो. त्याऐवजी मी 'हो हो' म्हणायचो. हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

2024च्या महालक्ष्म्या भाड्याच्या घरी बसल्या. आरती सुरू झाली. उदाचा धूर आणि ओल्या फुलांचा वास एकत्र नाकात गेला आणि मला गाळाचा वास आला. फुलांमागून स्पष्ट गाळाचा. मी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि पाहुणे जाईपर्यंत गाडीत बसून राहिलो. रात्री आई एवढंच म्हणाली, "पुढल्या साली माह्या घरी बसवाच्या. नाही तं बसवाच्याच नाही." महालक्ष्म्या बंद करणं म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि लेकीच्या दोन दिवसांच्या अबोल्यानं जे झालं नव्हतं ते आईच्या त्या वाक्यानं झालं. मी डॉक्टरकडे जायला तयार झालो.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. गोळीनं झोप यायची, साडेतीन चुकायचे नाहीत. मेहुण्यांचं मत, सकाळी फिरायला जा. शेवटी बायकोनं मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं आणि पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, म्हणून सांगितलं. मी वाद घातला. म्हणालो, ते सैनिकांना होतं, मी अकाउंटंट आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, व्हिएतनाम युद्धानंतर 1980मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तकात हे नाव आलं हे खरं; पण अपघात, पूर, भूकंप, बलात्कार, जिवावर बेतलेलं काहीही त्याला पुरतं. असं काही झाल्यावर पहिले काही आठवडे बहुतेकांना हे होतंच, आपसूक उतरतंही. महिना उलटूनही आठवणी घुसत राहिल्या, माणूस टाळाटाळ करत राहिला, मन काळवंडलं आणि शरीर सतत पहाऱ्यावर राहिलं, तर तो आजार. त्यांनी वीस प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. तीस-बत्तिशीच्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं. माझे 54. लहानपणापासून गणितात इतके कधी पडले नव्हते.

त्यांनी सर्ट्रालिन ही नैराश्य-भीतीवरची गोळी सुरू केली. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. एकदम सोडायची नसते, हे त्यांनी तीनदा बजावलं. आणि धंतोलीत बसणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं.

पहिल्याच दिवशी मी मॅडमना म्हणालो, "मला हे डोक्यातून काढून पाहिजे. मारबत काढतात तसं." तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत तिला मिरवत नेतात आणि जाळतात. 1880च्या दशकापासून चालू आहे. मॅडम नागपूरच्याच. म्हणाल्या, "पण दर वर्षी नवी करावी लागते ना?"

मी गप्प.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. तीन रकाने. पहिल्यात, या त्रासापासून सुटायला आजवर काय काय केलं. दुसऱ्यात, त्याचा लगेच उपयोग झाला का. तिसऱ्यात, त्यापायी काय गेलं. तिसरा माळा. उपयोग: हो. गेलं काय: आईचं खाली जाणं, तिच्या मैत्रिणी, देऊळ. हवामानाचं ॲप. उपयोग: पाच मिनिटं. गेलं काय: दिवस. रात्रीचे दोन पेग. पावसाळी रजा. दार काढणं. पुराबद्दल घरात कोणी बोलायचं नाही हा नियम, जो मी न सांगता सगळ्यांवर लादला होता. कागद भरला. मी ताळेबंद वाचून पोट भरणारा माणूस, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नफा रोखीचा आणि चिल्लर, तोटा चक्रवाढ.

"म्हणजे माझं चुकलं," मी म्हणालो.

"नाही. तुम्ही कष्ट भरपूर केलेत. तेच कष्ट आणखी करून भागेल का, एवढंच बघायचंय."

त्यांची पद्धत दोन गोष्टींची मिळून होती. एक 'ॲक्ट', म्हणजे स्वीकार आणि बांधिलकीवर उभा असलेला उपचार. स्टीव्हन हेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1980च्या दशकात त्याची मांडणी सुरू केली. दुसरी एक्स्पोजर, एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटीएसडीसाठी तिची जी रीत बसवली त्यात साधारण 8 ते 15 बैठका असतात, दीड-दीड तासाच्या. आठवण पुन्हा पुन्हा बोलून काढायची आणि टाळलेल्या जागी प्रत्यक्ष जायचं. मॅडमनी लपवलं नाही. म्हणाल्या, पीटीएसडीत जास्त पुरावा एक्स्पोजरच्या बाजूनं आहे, ॲक्टवर या आजारापुरता अभ्यास त्या मानानं कमी. "पण एक्स्पोजरमध्ये बसून राहायला जी तयारी लागते, ती करून घ्यायला मला ॲक्ट उपयोगी पडतं."

स्वीकार या शब्दाशी माझं जमत नव्हतं. पूर आला तो मान्य करा, देवाची मर्जी, असं काही तरी असणार असं वाटायचं. तसं नव्हतं. पूर आवडून घ्यायचा नव्हता. माझ्या छातीत जे धडधडतं त्याला दार लावून बाहेर ठेवायची जी कुस्ती मी चोवीस तास खेळत होतो, ती सोडायची होती.

एक युक्ती मात्र लगेच लागू पडली, आणि ती नागपूरकराला सोपी आहे. मनात आलं, 'मी नालायक आहे', की त्यापुढे जोडायचं, 'असं माझं मन म्हणतंय'. मला ते पुस्तकी वाटेना. मी माझ्या बोलीत केलं: 'मी नालायक आहे, असं मन म्हणून राहिलं.' आमचं हे 'करून राहिलं, होऊन राहिलं' म्हणजे पुण्या-मुंबईकडे थट्टेचा विषय. पण त्यात काय होतं बघा, मन एकीकडे बसून काहीतरी बडबडत राहतं आणि आपण दुसरीकडे उभे असतो. पानठेल्यावरच्या माणसासारखं. त्याला मोदींपासून तुमच्या लेकीच्या मार्कांपर्यंत सगळ्यावर मत असतं. त्याला गप्प करता येत नाही. पण त्याचं ऐकून कोणी घर विकत नाही. (मी विकायला काढलं होतं. ग्राहकही आला होता.)

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत मॅडमनी विचारलं, "समजा, उद्यापासून भीती राहिली तरी चालेल असं ठरलं, तर काय कराल?" 'भीती गेली तर' असं नव्हे, 'राहिली तरी'. मला सुचेना. घरी येऊन रात्री वहीत लिहिलं: आईच्या महालक्ष्म्या तिच्या घरी. लेकीला घेऊन पावसात अंबाझरीवर मक्याचं कणीस. कोणी हाक मारली तर धड उत्तर देणं.

मग शिडी. कशाची किती भीती वाटते त्याला शून्य ते शंभर आकडा द्यायचा. मॅडम म्हणाल्या, थर्मामीटर समजा. मी म्हणालो, नागपूरकराला 47 म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यापुढचं कसं सांगू? टाकी वाहण्याचा आवाज 30. मोबाइलवर पावसाचं रेकॉर्डिंग 40. पुराचे फोटो 55. तलावाच्या सांडव्यापाशी, विवेकानंद स्मारकाजवळ उभं राहणं 70. जुन्या घरात आईच्या खोलीत दार लावून बसणं 90. पावसाळ्यात त्या घरी झोपणं, याला मी आकडाच दिला नाही.

सर्वांत अवघड मात्र शिडीवर नव्हतं. ते खुर्चीत होतं. डोळे मिटून ती रात्र सांगायची, वर्तमानकाळात, आत्ता घडते आहे अशी. मॅडम मोबाइलवर रेकॉर्ड करणार आणि घरी रोज ऐकायचं.

पहिल्या वेळी मी अकरा मिनिटांत संपवलं. "पहाटे साडेतीनच्या सुमारास पाणी शिरले. प्रथम पत्नी व मुलीस वरच्या मजल्यावर पोचविले. त्यानंतर आईस..." मॅडमनी थांबवलं. "हा पंचनामा झाला. तलाठ्यासाठी ठीक आहे. पायाला पाणी कसं लागतंय?"

पायाला पाणी कसं लागतं आहे. थंड. पण नुसतं थंड नाही, त्यात काहीतरी सरकतं आहे, चिवट, केळीची पानं. पंगतीतली उष्टी पानं, अंगणातल्या टोपल्यातून वाहत आलेली, माझ्या पोटऱ्यांना चिकटतात. वीज गेलेली. बायको आणि लेक पुढे. आई पलंगावर बसलेली, तिचा हात माझ्या हातात. मी म्हणतो, "यांना वर सोडून आलोच." आणि हात सोडतो. जिन्यानं वर. परत खाली. आता पाणी कमरेला. पॅसेजमध्ये फ्रिज आडवा तरंगतो आहे, म्हशीसारखा. त्याला ढकलून आईच्या दारापाशी. दार लागलेलं. आतून कशानं तरी दाबलेलं. मी ढकलतो, हलत नाही. आतून आईची हाक: "बाळू!" मी ओरडतो, "आई!" "बाळू!" आणि मग हाक येत नाही. मी दार बडवतो. हाक येत नाही.

वरचे काका आणि त्यांचा मुलगा सब्बल घेऊन आले, दार मोडलं. आई पलंगावर उभी होती, पाणी मांड्यांपर्यंत. जिवंत. हा शेवट मला माहीत होता. पण माझी आठवण तिथपर्यंत कधी जातच नव्हती. ती 'हाक येत नाही' इथंच थांबायची, रोज साडेतीनला.

तीन वेळा हे सांगितल्यावर माझी हालत बिघडली. साडेतीनच्या जोडीला दीडही सुरू झाले. रेकॉर्डिंग ऐकलं नाही, ऐकलं म्हणून सांगितलं. मग दोन आठवडे गेलोच नाही. ऑफिसात मार्चची कामं आहेत म्हणून कळवलं, डिसेंबरात! त्या दिवसांत एका रात्री फार वाईट विचार आले आणि मी 14416ला फोन लावला. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा. सरकारी, फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीतून बोलतात. त्या बाईंनी काही शिकवलं नाही, ऐकलं, आणि सकाळी मॅडमना फोन करायचं कबूल करून घेतलं. मी केला. मॅडम रागावल्या नाहीत. सुरुवातीला काहींचा त्रास वाढतो, असं म्हणाल्या, आणि ते मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं याची आठवण करून दिली. मानसोपचारतज्ज्ञांनाही त्याच दिवशी भेटायला लावलं. एवढ्याचसाठी सांगतो, हे यूट्यूब बघून घरी एकट्यानं करायचं काम नाही.

पुढच्या खेपेला गाडी पुन्हा त्या हाकेवर आली. मी सांगून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "आई गप्प का झाल्या होत्या?"

"माहीत नाही."

"विचारलं नाही?"

सव्वा वर्ष झालं होतं. मी विचारलं नव्हतं. आमच्या घरी पुराबद्दल बोलायचं नाही, हा नियम.

"मग या आठवड्याचा गृहपाठ तोच."

जानेवारी होता. तुरीच्या ओल्या शेंगा आलेल्या. आई गॅलरीत उन्हात सोले काढत बसली होती, रात्री वांग्याच्या भाजीत घालायला. मी समोर बसलो, मीही सोलायला लागलो. अर्धी परात भरली तरी तोंडातून शब्द निघेना. मनात पानठेला जोरात चालू: आता ती म्हणेल, तू सोडून गेलास. म्हणून राहिलं. म्हणू दे. आकडा ऐंशीच्या पुढे. तसंच विचारलं.

"आई, त्या रात्री मी दार ठोकून राहिलो होतो. तू हाका मारता मारता काहून थांबली?"

आईनं शेंग खाली ठेवली. "अरे बाप्पा! माही कवळी वाहून चालली होती ना."

"काय?"

"कवळी. वाटीतली. स्टुलावर ठेवते मी रात्री. ते वाटी चालली तरंगत. मी वाकून धरून राहिली होती. सापडली. मंग काकांचा पोरगा आला."

"पण आवाज तं द्यायचा एक!"

"बिनदाताची बोंबलू काय? काका काय म्हणतीन!"

मी हसायला लागलो. हसता हसता कधी रडायला लागलो कळलं नाही, परातीतले सोले ओले झाले. आईला काय समजलं ते माहीत नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, शेंगांनी हिरवा झालेला. मग म्हणाली, "तू आलास ना पण."

इथं सगळं मिटलं असतं तर बरं झालं असतं. त्या रात्री साडेतीनला जाग आलीच. पण आता हाक थांबल्यावर पुढे काहीतरी होतं: अंधारात एक म्हातारी वाकून वाटी शोधते आहे. आठवण पहिल्यांदा पुढे सरकली.

शिडीचं काम मग वेगात झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. टाकीच्या पाइपाखाली खुर्ची टाकून बसलो. कंपनीच्या पार्किंगमध्ये रोज चाळीस मिनिटं माझंच रेकॉर्डिंग ऐकलं. सोळाव्या-सतराव्या वेळी चक्क कंटाळा आला आणि मॅडम त्यावर खूश झाल्या. अंबाझरीला सांडव्यापाशी उभा राहिलो, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी खाली गेलेलं. पाय कापत होते. शेजारी एक जण रील बनवत होता, त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं.

आईच्या खोलीचं मात्र सांगतो. भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची रेघ होती, सरळ, गवंड्यानं दोरी लावून मारल्यासारखी. खाली पोपडे, वर जुना पोपटी रंग. नवं दार बसवलेलं होतं. बायको बाहेर पायरीवर बसली, मी आत जाऊन दार लावलं. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं बसलो आणि मॅडमना अभिमानानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कडी लावली होती?" नव्हती. "हातात काय होतं?" मोबाइल, टॉर्च लावलेला. भर दुपारी. "पाय कुठं होते?" एक पाय दाराच्या फटीत. म्हणजे मी बसलो होतो, पण पळायच्या तयारीत. अशानं मन शिकतं काय? 'पाय फटीत होता म्हणून वाचलो.'

दुसऱ्या दिवशी कडी लावली, मोबाइल बायकोकडे दिला. आकडा नव्वद. पंधरा मिनिटांनी नव्वदच. मी वाट बघत होतो उतरायची, आणि वाट बघितली की तो हटून बसतो. मॅडमचं एक म्हणणं तोवर नीटसं उतरलं नव्हतं. जुन्या पद्धतीत आकडा खाली येईपर्यंत थांबायचं, असं सांगत. त्या ते विचारतच नसत. त्यांचा प्रश्न वेगळा: तो आकडा सोबत असताना तुम्हाला जे करायचं होतं ते केलं का? मला काय करायचं होतं? महालक्ष्म्यांसाठी जागा बघायची होती. खिशात टेप होता. मी उठलो आणि पूर्वेच्या भिंतीचं माप घेऊ लागलो, मखर बसेल का बघायला. हात इतका थरथरत होता की पट्टी दोनदा सटकन आत गेली. भिंतीवरची पाल माझ्याकडे बघत होती. सहा फूट चार इंच. बसतं. बाहेर आलो तेव्हा आकडा सत्तरवर होता, आणि बायकोला म्हणालो, "मखर बसते." ती रडायला लागली. मला वाटलं, हिला काय झालं आता?

तिलाही काहीतरी झालं होतं, त्या रात्रीपासून, हे मला तेव्हा सुचलं. तिनंही नंतर मॅडमची वेळ घेतली. तिचं ती सांगेल.

2025च्या जुलैत पाऊस लागला तो लागलाच. शाळांना सुट्टी. आई म्हणाली, आज घरी जाऊन झोपू. मला वाटलं थट्टा करते. ती पिशवी भरून तयार होती. आम्ही दोघंच गेलो. रात्रभर पाऊस. मी झोपलो असं म्हणणार नाही. साडेतीनला हात खाली गेला, फरशीला टेकला. कोरडी. हात वर घेतला आणि पडून राहिलो, छातीत ढोल वाजत असताना. पलीकडे आई घोरत होती. स्टुलावर वाटी, वाटीत कवळी. पाचला चहा केला.

त्यानंतरच्या तक्त्यात माझे गुण 23 आले. साडेतीनची जाग आठवड्यातून दोनदा-तीनदा येते. हवामानाचं ॲप काढून टाकलं होतं, पुन्हा टाकलं आहे, दिवसातून एकदा बघतो. गोळी चालू आहे.

1 सप्टेंबर 2025, महालक्ष्म्यांचं जेवण, आईच्या घरी. ज्येष्ठा-कनिष्ठा पूर्वेच्या भिंतीला, मखरात. एका मुखवट्याच्या नाकाचा रंग पुरात गेला होता, तो आईनं परत लावू दिला नाही. शेवटची पंगत बसलेली असताना आभाळ भरून आलं. कोणीतरी म्हणालं, पाऊस येते वाटते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. माझ्या हातात तुपाची वाटी होती. आकडा साठ असेल. दोन माणसं राहिली होती, त्यांना तूप वाढलं.

रात्री आवरून झालं. मी ओट्याशी होतो. खोलीतून आईची हाक आली, "बाळू!"

"आलोच!"

गेलो. ती पलंगावर बसली होती, वाटी हातात घेऊन. म्हणाली, "हे वर सज्ज्यावर ठेव."

"आई, पाणी नाही येत आता."

"येवो का न येवो. तू ठेव वर."

ही टाळाटाळ झाली की शहाणपण, हे मॅडमना विचारायचं राहूनच गेलं. मी स्टुलावर चढलो आणि ठेवली.